‘कधी ऐकू येतं?’ एवढं तरी विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी लालबागला राहते. वय ५६, शिक्षण जुनी दहावी. घरगुती पोळी-भाजीचे डबे करते. तुमचा पेपर आमच्या घरी सासऱ्यांच्या वेळेपासून येतो, पण पत्र मी पहिल्यांदाच लिहिते आहे. जे लिहिणार आहे ते मी अकरा महिने घरात कुणाजवळ काढलं नव्हतं, नवऱ्याजवळसुद्धा नाही. त्या अकरा महिन्यांत जे सोसलं त्यातलं बरंचसं टळलं असतं, हे आता कळलं आहे. म्हणून लिहिते.

रात्री झोप लागता लागता मला आवाज ऐकू यायचे.

सुरुवात गेल्या वर्षी आषाढात झाली. बाहेर पाऊस होता, खिडक्या लावलेल्या होत्या. डोळ्यांवर झापड आली होती आणि उजव्या कानाशी कुणीतरी मला हाक मारली. बाईचा आवाज. मोठा नाही, जवळून, जशी आपण झोपलेल्या माणसाला हलकेच उठवतो तशी. मी उठून बसले. हे शेजारी घोरत होते, मुलगी आतल्या खोलीत. हाक मारली होती ती माझ्या माहेरच्या नावाने. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. १९९१ साली मी लग्न होऊन मुंबईत आले, तेव्हापासून त्या नावाने मला इथे कुणी ओळखतच नाही. आई गेली, आत्या गेली. आता त्या नावाने हाक मारणारा गावातला एक भाऊ तेवढा उरला आहे. मग मुंबईत, सतराव्या मजल्यावर, रात्री साडेबाराला ते नाव घेणारं कोण?

त्यानंतर आठवड्यातून दोन-तीनदा काही ना काही व्हायचं. कधी नुसती कुजबुज, शेजारच्या खोलीत रेडिओवर बातम्या लागाव्यात तशी. शब्द कळायचे नाहीत, पण बोलतंय कुणीतरी हे नक्की. कधी दाराची लोखंडी कडी वाजायची. आमच्या आताच्या दाराला कडीच नाही, लॅच आहे. आणि तीन वेळा असा आवाज झाला की पितळेचा हंडा वरून मोरीत पडावा. त्या वेळी छाती इतकी धडधडली की हार्ट अटॅक म्हणतात तो हाच, असं वाटलं. दुखलं मात्र कुठेच नाही. घरातलं दुसरं कुणी जागंही झालं नाही.

तीन वर्षांपूर्वी आमची चाळ पाडून टॉवर झाला. चाळीत दहा बाय बाराची खोली, बाहेर सामाईक गॅलरी. रात्री कुणाची खोकल्याची उबळ, कुणाचं भांडण, नळाला पाणी आलं की बादल्या, आणि कुणी ना कुणी कुणाला हाक मारत असायचंच. मला आता वाटतं की असे आवाज मला तेव्हाही येत असतील. पण चाळीत आवाज आला तर तो कुणाचा हा प्रश्नच पडत नाही. शेजारचं कुणी असेल म्हणून आपण कूस बदलतो. इथे सरकत्या काचा लावल्या की चिटपाखरू ऐकू येत नाही. आवाज आला की त्याला धनी सापडत नाही, आणि बिनधन्याच्या आवाजाची भीती फार वाटते.

पितृपक्षात न राहवून भावाला फोन केला. तो म्हणाला, “बाय, ह्या भायरचा कायतरी असा.” त्याने ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्या गाऱ्हाण्याने मला धीरच आला आणि पुढेही मी ते घालणार. पण त्याच भावाला कुणीतरी एका माणसाकडे नेलं. त्या माणसाने फोनवरच सांगितलं की माहेरची कुणी अतृप्त बाई पाठीस लागली आहे, २१ हजार लागतील, आणि हे होईपर्यंत हॉस्पिटलची पायरी चढायची नाही, औषधाची गोळी पोटात घ्यायची नाही. मी महिनाभर ते पाळलं. तो महिना मी दिवा चालू ठेवून झोपत होते, म्हणजे झोपतच नव्हते. आपल्या राज्यात २०१३ सालापासून कायदा आहे; भुताची भीती घालून आजारी माणसाला उपचारापासून अडवणं हा त्यात गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. भावालाही नव्हतं. तो माझ्या काळजीनेच धावला, त्याला मी बोल लावत नाही.

मग दुसऱ्या टोकाला गेले. घराच्या आसपासच्या नव्हे, मुद्दाम दादर ओलांडून लांबच्या एका खासगी डॉक्टरांकडे गेले, कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून. मी एवढंच म्हटलं, “डॉक्टर, मला आवाज ऐकू येतात.” पुढचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. “किती दिवस?” त्यांनी विचारलं. “सहा महिने.” तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. कधी ऐकू येतात, कसे येतात, काय म्हणतात, झोपता किती, काही नाही. बाहेर पेशंट खूप होते, मला दिसत होतं. तरी मला त्याचा राग आहे, आणि तो मी लपवत नाही. त्या गोळ्यांनी अंग जड व्हायचं. तव्यावर पोळी टाकून मी उभीच. ११ दिवस घेतल्या.

हे सगळं चाललं असताना मला सारख्या आठवत होत्या त्या माझ्या सासूबाई.

सासरे गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी त्यांच्यापुरती तरी पुन्हा उघडली नाही. सासूबाईंनी खानावळ चालवून चार मुलं वाढवली. माझा हात पोळ्यांवर बसला तो त्यांच्यामुळे. मी लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांची नोकरी जाऊन नऊ वर्षं झाली होती. आणि सासूबाई रात्री अंथरुणावर पडल्या, डोळा लागायला आला, की दचकून उठायच्या आणि म्हणायच्या, “भोंगो झालो. उठा, भोंगो झालो.” भोंगा कसला? त्या गिरणीच्या आवारात तेव्हा गवत वाढलं होतं. आम्ही सगळे दहा बाय बारात दाटीवाटीने झोपलेले, कुणाची तरी झोप मोडायची. मुलं हसायची. दीर म्हणायचे, आईच्या डोक्यावर परिणाम झाला. मीसुद्धा एकदा वैतागून म्हटलं होतं, “आई, भोंगा बंद होऊन जमाना झाला, गप्प पडा.” त्यानंतर त्या दचकून उठायच्या, पण बोलायच्या नाहीत. भिंतीला टेकून बसून राहायच्या. २००३ मध्ये त्या गेल्या. शेवटपर्यंत दिवसा त्यांचं डोकं इतकं शाबूत होतं की महिन्याचा वाणसामानाचा हिशेब तोंडी सांगायच्या. ते आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही.

मला भीती वाटत होती ती हीच. मुलगी माझ्याकडे बघेल ती आम्ही त्यांच्याकडे बघायचो तशी.

यंदा वैशाखात तो हंड्याचा आवाज तिसऱ्यांदा झाला आणि मी किंचाळले. हे जागे झाले. मग सगळं सांगून टाकलं. रडत रडतच. यांनी ३१ वर्षं बेस्टमध्ये कंडक्टरी केली, २०१९ ला निवृत्त झाले. बोलणं कमी. ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि बराच वेळाने म्हणाले, “माका अजून डबल बेल ऐकाक येता गे.” डबल बेल म्हणजे गाडी सोडायची खूण, कंडक्टरने दोरी दोनदा ओढायची. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनीही झोप लागताना यांना ती घंटा ऐकू येते, कधीकधी हातही दोरीकडे जातो. यांनी कधी सांगितलं नाही, मी कधी सांगितलं नाही. एका पलंगावर दोघं, दोघांचे कान जागे.

यांनीच मला परळच्या महापालिकेच्या रुग्णालयात नेलं. सकाळी आठला केस पेपर काढला, साडेअकराला नंबर लागला. मानसोपचाराच्या ओपीडीत माझ्या मुलीच्या वयाच्या डॉक्टर होत्या. मी तेच वाक्य म्हटलं. त्यांनी विचारलं, “मावशी, कधी ऐकू येतं?”

अकरा महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

मी म्हटलं, झोप लागताना. एकदोनदा पहाटे जाग येताना. “दिवसा? पोळ्या लाटताना, रस्त्याने चालताना, कुणाशी बोलताना?” नाही. “ते काही करायला सांगतात? धमकावतात?” नाही, नुसती हाक. “दिवसा बसल्या बसल्या अचानक झोप लागते? हसताना गुडघ्यांतलं बळ जातं?” नाही. दारू, तंबाखू, बीपीच्या गोळ्या, कानात सतत शिट्टी, घोरणं, घरात कुणी नुकतं वारलंय का, सगळं विचारलं. मग, “झोपता कधी, उठता कधी?” मी सांगितलं: बारा-सव्वाबाराला पडते, चारला उठते, सहा किलो कणीक भिजवायची असते, १८० पोळ्या, साडेनऊला डबे लोअर परळला निघतात. “किती वर्षं?” अठरा.

त्या म्हणाल्या, “मावशी, तुम्हाला वेड लागलेलं नाही. तुम्हाला झोप कमी पडते.”

मग त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत लिहिते. चाळीत रात्री सगळ्या खोल्यांचे दिवे एकदम मालवत नाहीत; एकेका खोलीचा मालवतो. मेंदूचं तसंच आहे. जागेपणी डोळे मिटून शांत पडलं की मेंदूतल्या लहरी सेकंदाला ८ ते १३ असतात, झोपेच्या पहिल्या पायरीवर त्या ४ ते ७ वर येतात. ही पायरी काही मिनिटांचीच. तेवढ्यात मेंदूचा एक भाग स्वप्न पाहायला लागलेला असतो आणि दुसरा अजून जागा असतो, खोलीतलं सगळं जाणत असतो. म्हणून स्वप्नातली हाक खोलीत मारल्यासारखी वाटते. आपल्या नावाची हाक ऐकणारे तर पुष्कळ असतात. कुजबुज, दारावरची थाप, बेल, गाणं, काहीही ऐकू येऊ शकतं. झोप अपुरी, वेळा अवेळी, मनावर ताण असला की हे वाढतं. झोपताना पायरी चुकल्यासारखा पाय झटकतो ना, तोही याच वेळचा.

डॉक्टरांनी कागदावर देवनागरीत एक शब्द लिहून दिला, ‘हिप्नॅगॉजिक’. माझा भाचा कॉम्प्युटरवर काम करतो, त्याने त्याबद्दलचं शोधून मला मराठीत वाचून दाखवलं. हा शब्द १८४८ सालचा, आल्फ्रेड मोरी नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने वापरात आणलेला. त्याला स्वतःलाच झोप लागताना असे भास व्हायचे. ब्रिटनमध्ये ४,९७२ लोकांना विचारून केलेली पाहणी १९९६ मध्ये छापून आली. त्यातल्या ३७ टक्के लोकांनी झोप लागताना असं काहीतरी अनुभवल्याचं सांगितलं आणि साडेबारा टक्क्यांनी जाग येताना. त्या हंड्याच्या आवाजालाही नाव आहे, ‘एक्सप्लोडिंग हेड सिंड्रोम’, म्हणजे डोक्यात स्फोट. नाव ऐकून घाबरायला होतं, पण त्यात दुखत नाही आणि इजा होत नाही. अमेरिकेतले डॉक्टर वेअर मिचेल यांनी १८७६ मध्येच असे रुग्ण नोंदवून ठेवले आहेत. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेलं मला लालबागमध्ये कळायला ११ महिने आणि २१ हजारांची धमकी लागली.

आणखी एक गोष्ट भाच्याने वाचली, ती माझ्या मनात घर करून आहे. सन २००० मध्ये अमेरिकेत २७ जणांना विटा रचायचा तो टेट्रिसचा खेळ काही दिवस खेळायला लावला. त्यातल्या बऱ्याच जणांना झोप लागताना डोळ्यांपुढे विटा पडताना दिसू लागल्या. त्या २७ मध्ये पाच जण असे होते की मेंदूला इजा झाल्यामुळे त्यांना नवीन काही लक्षातच राहत नव्हतं. आपण खेळ खेळलो हेही ते विसरायचे. त्यातल्याही तिघांना विटा दिसल्या. म्हणजे दिवसभर हाताला, कानाला जे वळण लागतं ते झोपेच्या दारात परत येतं, माणूस ते विसरला असला तरी. हे ऐकताना मला भोंगा आठवला. सासूबाई त्या भोंग्यावर वीस-बावीस वर्षं उठल्या होत्या, सासऱ्यांचा डबा भरायला.

तसं हे लालबागकरांना नवं नाही. अनंत चतुर्दशीची मिरवणूक संपते, दुसऱ्या रात्री आपण पाठ टेकतो, आणि डोळे मिटले की ढोल वाजायला लागतात. सगळ्यांना वाजतात, सकाळी सगळे एकमेकांना सांगतात. त्याला कुणी बाहेरचं म्हणत नाही की वेड म्हणत नाही. बोललं जातं, म्हणून भीती वाटत नाही, एवढाच काय तो फरक.

मी आमच्या भिशीत विषय काढला. आम्ही नऊ जणी. आधी कुणी बोलेना. मग एक म्हणाली, मला तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू येतं आणि पान्हा फुटल्यासारखं वाटतं. तिचा मुलगा आता २२ वर्षांचा आहे. एकीला दाराची बेल ऐकू येते. एक रोज कल्याणहून कामाला येत असे, तिला “पुढील स्टेशन, करी रोड” ऐकू येतं आणि ती पर्स शोधत उठते. नऊपैकी पाच जणींनी सांगितलं. त्या पाचही जणींनी हे याआधी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी मला आणखी काही बजावलं होतं, तेही इथे लिहायला हवं, नाहीतर माझं पत्र वाचून कुणी चुकीचा धीर घेईल. पूर्ण जागेपणी, दिवसा आवाज येत असतील, ते काही करायला सांगत असतील, कुणी पाळतीवर आहे असं वाटत असेल, किंवा दिवसा आवरता न येणारी झोप येत असेल, तर वेळ न घालवता डॉक्टर गाठायचा. त्यालाही उपचार आहेत, आणि तोही माणूस आपल्यासारखाच माणूस आहे. त्याच्याकडे पाहून हसायचं कारण नाही. लाइनीत उभं राहणं जमत नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस ही फुकट सेवा १४४१६ या नंबरवर आहे, मराठीतून बोलता येतं. आणि मी घेतल्या तशा गोळ्या कुणाला चालू असतील तर त्या मनाने बंद करू नका. मी स्वतःच ११ दिवसांनी बंद केल्या होत्या, त्याबद्दल मला ओपीडीत चांगली बोलणी बसली.

मी आता ४० डबे कमी केले आहेत. पैशाला फटका बसला, पण कणीक मदतनीस मुलगी भिजवते आणि मी दहाला पडते. साडेतीनचा चहा बंद केला. दीड-दोन महिन्यांत आवाज कमी होत गेले. आता महिन्यातून एखादी हाक येते. ती आली की मी उठून बसत नाही. खरं सांगते, माहेरचं नाव ऐकून कधीकधी बरं वाटतं.

आता माझी मागणी. तुमच्या आरोग्य पुरवणीत मधुमेहावर येतं, गुडघ्यांवर येतं, केस गळण्यावर तर दर पंधरवड्याला येतं. झोपेवर, आणि झोपेच्या दारात जे ऐकू येतं, दिसतं त्यावर एखाद्या जाणत्या मानसोपचारतज्ज्ञाकडून सविस्तर लिहून घ्या, मराठीत, आम्हाला कळेल असं. महापालिकेच्या दवाखान्यांत बीपी-शुगरच्या तक्त्यांशेजारी झोपेचाही एक तक्ता लावावा. आणि डॉक्टर मंडळींना हात जोडून विनंती: माणूस “आवाज ऐकू येतात” म्हणाला तर पेन उचलण्याआधी ‘कधी ऐकू येतं?’ एवढं विचारा. अर्धं मिनिट लागतं. आपल्या भाषेत झापड आहे, डुलकी आहे, पेंग आहे, गुंगी आहे, साखरझोप आहे. झोपेच्या काठावरच्या इतक्या अवस्थांना आपण नावं दिली आणि तिथे ऐकू येणाऱ्या हाकेला मात्र एकच नाव ठेवलं, भूत. ते बदलायला हवं.

माझं नाव छापू नये ही विनंती आहे. मुलीचं लग्न ठरत आलं आहे आणि तिकडची माणसं हाच पेपर घेतात. एवढं सगळं लिहून शेवटी नाव झाकावं लागतं याचं मला फार वाईट वाटतं, पण मुलीसाठी ते करते आहे. तिला स्वतःला मी सगळं सांगितलं आहे. हे पत्र तिनेच वाचून शुद्धलेखन तपासलं. पत्ता आणि फोन नंबर वेगळ्या कागदावर जोडला आहे. कुणा वाचकाला, विशेषतः रात्रपाळी करणाऱ्या किंवा माझ्यासारख्या पहाटे उठणाऱ्या बायकांना, बोलावंसं वाटलं तर तुमच्यामार्फत निरोप द्यावा. दुपारी दोन ते चार मी मोकळी असते.

आपली,
एक वाचक, लालबाग, मुंबई